फुटेज मागायचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून रेकॉर्डर घ्या

चिपळुणात कॅमेरे बसवायचं काम करतो, त्यामुळे फोनवरचा पहिला प्रश्न मला पाठ झालाय : "सोळा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर केवढ्याला पडेल?" कॅमेऱ्यांबद्दल लोक बरंच वाचून आलेले असतात. किती मेगापिक्सेल, रात्री रंगीत दिसतं का, आवाज येतो का, सगळं विचारतात. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणारा रेकॉर्डर, हा मात्र कॅमेऱ्यांबरोबर येणारा एक डबा, असं धरून चालतात. माझा अनुभव उलटा आहे. कॅमेरा बिघडला तर एक कोपरा जातो आणि ते त्याच दिवशी स्क्रीनवर कळतं. रेकॉर्डर बिघडला तर सगळं जातं, आणि ते कळतं फुटेज मागायला कुणी दारात येऊन उभं राहतं तेव्हा. स्क्रीनवर चित्र चालू असतं, वॉचमन रोज ते बघत असतो, आणि डिस्कवर कित्येक आठवड्यांत काही लिहिलंच गेलेलं नसतं. ही अवस्था मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता कुणी भाव विचारला की मी आधी विचारतो : फुटेज कोण मागणार, किती दिवसांनी मागणार, आणि ते काढून कोण देणार?

यंदा हे सगळं नीट बसून बोलायची वेळ आली ती एका सोसायटीमुळे. तीन विंग, पुढे गेट, मागे पार्किंग, एकूण चौदा कॅमेरे. सोसायटीच्या अध्यक्ष आहेत त्या मला शाळेत गणित शिकवायच्या. तीन कोटेशनं टेबलावर पसरून त्या म्हणाल्या, "अरे, तिन्हींवर सोळा चॅनेल लिहिलंय आणि किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. मुलांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी रीत मागितली असती. ह्यांची रीत काय?"

"बाई, सोळा चॅनेल म्हणजे सोळा कॅमेरे जोडता येतील, एवढंच. किती दिवसांचं साठेल आणि कसं साठेल, ते या कागदांवर नाहीच."

मग रीतच मांडली. कॅमेऱ्यातून रेकॉर्डरकडे दर सेकंदाला किती माहिती येते त्याला बिटरेट म्हणतात आणि तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट असा, मोजतात. एक एमबीपीएस प्रवाह दिवसभर चालू राहिला तर १०.८ जीबी जागा खातो. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचं कुणालाही कागदावर करता येतं. चौदा कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे २८. गुणिले १०.८, म्हणजे दिवसाला साधारण ३०२ जीबी. सोसायटीला तीस दिवसांचं रेकॉर्डिंग हवं होतं, म्हणजे ९ टीबीच्या थोडं वर. बाईंनी लगेच सगळ्यात स्वस्त कोटेशन पुढे ओढलं. त्यात रेकॉर्डरला डिस्क बसवायची एकच जागा होती आणि त्या जागेत जास्तीत जास्त ६ टीबीची डिस्क चालणार होती. सहा हजार जीबी भागिले तीनशे दोन, एकोणीस-वीस दिवस. "म्हणजे हा महिनाभर साठवूच शकत नाही," त्या म्हणाल्या. नाहीच साठवू शकत. पुढे मोठी डिस्क घालू म्हटलं तरी रेकॉर्डर ती ओळखणार नाही.

२ एमबीपीएस हा आकडाही कुठून आला ते विचारायला हवं. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला चित्र दाबून लहान करायच्या जुन्या एच.२६४ पद्धतीत चांगल्या चित्रासाठी साधारण ४ लागतात. एच.२६५ मध्ये तेच काम निम्म्याच्या आसपास होतं. त्यामुळे रेकॉर्डर आणि कॅमेरा दोघांनाही एच.२६५ येतं ना, हे आधी बघायचं. एकाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही, अशी जोडी बसवली की सगळं गुपचूप एच.२६४ वर चालतं आणि तीस दिवसांचे पंधरा होतात.

आणि आपल्याकडचा पाऊस या हिशेबात धरावाच लागतो. बिटरेट बदलता ठेवला असेल तर चित्रात हालचाल वाढली की तो वाढतो. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेरच्या प्रत्येक कॅमेऱ्यासमोर रात्रंदिवस हालचालच असते. पावसाच्या सरी, पागोळ्या, माडाची झावळ, इन्फ्रारेडच्या उजेडावर जमणारे किडे, काचेवर कोळ्याने विणलेलं जाळं. "फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करा, जागा वाचते" हा सल्ला मी आमच्या भागात देत नाही. पावसाळ्यात त्याने जागा वाचत नाही. शिवाय नेमका जो माणूस सावलीतून हळू चालत गेला त्याची हालचाल यंत्राला जाणवली नाही, असंही होतं. मी चोवीस तास रेकॉर्डिंग धरूनच डिस्क मोजतो, बिटरेटला वरची मर्यादा घालतो आणि तीस दिवस हवे असतील तर पस्तीस-चाळीसची जागा ठेवतो. बाईंच्या सोसायटीसाठी दोन डिस्कच्या जागा असलेला रेकॉर्डर आणि ६ टीबीच्या दोन डिस्क ठरल्या. ३०२ ने भागलं की एकोणचाळीस दिवस येतात.

किती दिवस ठेवायचं याचा सगळ्यांना एकच नियम नाही. पोलिस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये, परमवीर सिंग सैनी प्रकरणात, रेकॉर्डिंग अठरा महिने जपायला सांगितलं आणि तेवढी सोय बाजारात मिळत नसेल तर किमान वर्षभर. त्या निकालात साठवण हा या यंत्रणेचा सगळ्यात महत्त्वाचा भाग असल्याचं म्हटलं आहे. सोसायटीला अठरा महिने नकोत. पण सुट्टीत गावाला गेलेलं कुटुंब तीन आठवड्यांनी परत येतं आणि तेव्हा कळतं की स्कूटर जागेवर नाही. आठ-दहा दिवसांचं रेकॉर्डिंग अशा घराच्या काही उपयोगाचं नसतं.

आता डिस्क. इथे पैसे वाचवायला बघणारा माणूस दिसला की मी आग्रहाने थांबवतो. रेकॉर्डरमधली डिस्क वर्षाचे ८७६० तास फिरते आणि जवळजवळ पूर्ण वेळ लिहीत असते, तेही एकाच वेळी चौदा ठिकाणांहून येणारं. घरच्या संगणकाची डिस्क वेगळ्या कामासाठी असते. काही डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात वर्षाला २४०० तास आणि ५५ टीबी कामाचा बोजा असं स्वच्छ छापलेलं असतं. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक यांसारख्या पाळतीसाठीच्या डिस्क चोवीस तासांसाठी केलेल्या असतात आणि त्यांचा बोजा वर्षाला १८० टीबी धरलेला असतो. आणखी एक फरक दिसत नाही, पण फार कामाचा आहे. एखादा ठिपका वाचता आला नाही तर साधी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कारण तिच्या लेखी फाइल बिनचूक असणं महत्त्वाचं. तेवढ्या वेळात इथे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तुटतं. पाळतीची डिस्क तो ठिपका सोडून पुढे लिहीत राहते.

डिस्क विकत घेताना बिल आणि सीलबंद पाकीट मागा, अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते स्वतः बघा. डिस्क बसवल्यावर रेकॉर्डरच्या मेनूत डिस्कची तब्येत सांगणारा स्मार्ट नावाचा तक्ता असतो, त्यात पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली, ही ओळ वाचा. नवी म्हणून आलेल्या डिस्कवर मी वीस हजारांपेक्षा जास्त तास पाहिले आहेत. म्हणजे ती आधी कुठेतरी सव्वादोन वर्षं अखंड चालून आली होती. विक्रेता म्हणाला, लेबल तर नवीन आहे. लेबल नवीनच होतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. दोन डिस्क आहेत म्हणजे एकीची प्रत दुसरीवर आहे, असं नव्हे. लहान रेकॉर्डर सहसा एक भरली की दुसरीवर लिहितात. एक गेली तर तिच्यावरचे दिवस गेले, दुसरी चालू राहते. हे चालण्यासारखं आहे, फक्त डिस्क गेल्याचं कळलं पाहिजे. म्हणून डिस्कमध्ये दोष आला, डिस्क सापडली नाही, कॅमेऱ्याचं चित्र गेलं, या तिन्ही वेळी भोंगा वाजेल आणि मोबाइलवर सूचना येईल अशी सोय रेकॉर्डरमध्ये हवी आणि ती चालू केलेली हवी. बहुतेक रेकॉर्डरमध्ये ती असते आणि बहुतेक ठिकाणी मला ती बंद सापडते, कारण एकदा भोंगा वाजला आणि कुणीतरी त्रासून बंद केला.

रेकॉर्डरच्या माहितीपत्रकातली आणखी एक ओळ, जी कोटेशनवर कधीच नसते : इनकमिंग बँडविड्थ, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं मिळून किती एमबीपीएस रेकॉर्डर आत घेऊ शकतो. सोळा चॅनेलच्या एका एनव्हीआरची, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर चालणाऱ्या रेकॉर्डरची, ही मर्यादा ८० एमबीपीएस असते, दुसऱ्याची १६०. चौदा कॅमेरे २ ने चालवले तर ८० भरपूर झाले. पण उद्या कुणी हौसेने आठ मेगापिक्सेलचे कॅमेरे लावले आणि प्रत्येकी ८ एमबीपीएस ठेवले तर ११२ होतात. मग शेवटचे काही कॅमेरे काळेच राहतात आणि दोष कॅमेऱ्यांना दिला जातो. तसंच डिकोडिंगचं. किती कॅमेऱ्यांचं मागचं रेकॉर्डिंग एकाच वेळी पूर्ण स्पष्टपणे चालवता येतं ते विचारा. गेटमधून आलेला माणूस लॉबीत, जिन्यात आणि पार्किंगमध्ये एकाच वेळेच्या चित्रांत शोधायचा असतो. एकेक कॅमेरा वेगळा बघत बसलं तर अर्ध्या तासाचं काम रात्रभर पुरतं.

डीव्हीआर घ्यावा की एनव्हीआर, यावर लोक वाद घालतात. मला तो वायरचा प्रश्न वाटतो. डीव्हीआरची जुनी कोॲक्सची, म्हणजे केबल टीव्हीसारखी वायर भिंतींत धडधाकट असेल, कनेक्टर हिरवे पडले नसतील, तर ती उपटून काढू नका. नवे एक्सव्हीआर, म्हणजे सुधारलेले डीव्हीआर, तीच वायर वापरून दोन किंवा पाच मेगापिक्सेलचं चित्र देतात आणि चांगल्या तांब्याच्या कोॲक्सवर दोनशे मीटरच्या पुढेही जातात. नवीन काम असेल तर नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे, कॅट-६ ही नेटवर्कची वायर आणि एनव्हीआर. बाईंच्या सोसायटीत जुनी वायर उघड्यावरून गेलेली, ठिकठिकाणी जोड आणि जोडांवर चिकटपट्टी. ती ठेवण्यात अर्थ नव्हता.

पण एनव्हीआर म्हटलं की दुसरी निवड येते आणि कोकणात ती फार महत्त्वाची आहे. काही एनव्हीआरच्या पाठीमागेच नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारे पीओई पोर्ट असतात. दिसायला सुटसुटीत, वायर थेट रेकॉर्डरमध्ये. माझा सल्ला आहे की बाहेरचे कॅमेरे असतील तर हे टाळा. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात आपल्याकडे विजा कशा पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. वीज कॅमेऱ्यावर पडायची गरज नसते, जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या वायरीत लाट उसळते आणि ती जिथे संपते तिथलं जाळते. वायर रेकॉर्डरमध्ये संपत असेल तर रेकॉर्डर जातो. मध्ये वेगळा पीओई स्विच, म्हणजे कॅमेऱ्यांच्या वायरी एकत्र जोडून त्यांना वीज देणारी पेटी, असेल तर बहुतेक वेळा स्विच जातो आणि रेकॉर्डर, डिस्क, मागचा महिना सुखरूप राहतो. स्विच दुसऱ्या दिवशी बदलता येतो.

गेट तर रेकॉर्डर बसणार होता त्या ऑफिसपासून वायरीच्या मापाने १४० मीटरवर होतं. कॅट-६ वर शंभर मीटरची मर्यादा आहे. बाकीच्या दोन कोटेशनवाल्यांनी वाटेत एक स्विच टाकायचं सुचवलं होतं, तोही उघड्यावरच्या पेटीत. मी गेटपर्यंत फायबर टाकायला सांगितलं, दोन्ही टोकांना फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे मीडिया कन्व्हर्टर. फायबर काचेचा, त्यातून वीज वाहत नाही, म्हणजे गेटवर काय व्हायचं ते गेटपाशीच संपतं. "खर्च किती वाढेल?" बाईंनी विचारलं. वाढतो, पण एका जळलेल्या एनव्हीआरपेक्षा कमी. त्यांनी ते मान्य केलं. खजिनदारांनी थोडा वेळ घेतला, पण त्यांनीही केलं. अर्थिंग नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं हेही त्याच बैठकीत ठरलं.

रेकॉर्डर ठेवायचा कुठे, यावर मात्र मी कुणाशी तडजोड करत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बाजारपेठेतले तळमजले बुडाले. त्याआधी २००५ च्या जुलैतही तेच झालं होतं. पाणी ओसरल्यावर दुकानदार गाळाने भरलेले रेकॉर्डर पिशवीतून घेऊन येत होते. गल्ल्याखाली ठेवलेले, शटरच्या बाजूला खाली बसवलेले, टेबलाखालच्या फळीवरचे. दुकानात पाणी कसं चढलं, विम्यासाठी माल कुठे होता, हे दाखवणारं सगळं त्या डब्यांतच होतं. तेव्हा ज्यांनी डिस्क तशीच सुकवून वीज जोडून बघितली त्यांची उरलीसुरली आशाही गेली, कारण हवा येण्याजाण्यासाठी साध्या डिस्कला बारीक छिद्र असतं आणि तिथून गढूळ पाणी आत जातं. भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नका, ती थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे पाठवा. चिपळूण, खेड, महाड, संगमेश्वर, राजापूर, नदीकाठच्या कुठल्याही गावात रेकॉर्डर तळमजल्यावर ठेवायचाच नाही.

वॉचमनच्या केबिनमध्येही नाही. तिथे फक्त स्क्रीन. चोर शहाणा असेल तर जाताना डबा घेऊन जातो, आणि केबिनमध्ये तो डोळ्यांसमोरच असतो. बाईंच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस मिळालं. भिंतीवर कुलपाची, जाळीची आणि पंख्याची पेटी, जमिनीपासून छातीच्या उंचीवर. बंद लाकडी कपाट नको, डिस्कची उष्णता बाहेर पडत नाही. पावसाळ्यात यंत्र बंद करून ठेवू नका, चालू यंत्राची ऊब त्याला कोरडं ठेवते. पेटीत वायर येते ती भोकं फोमने बुजवा. पाली आणि मुंग्या ऊब शोधत आत येतात आणि पॉवर सप्लायच्या पाटीवर जाऊन मरतात.

विजेचं गणितही बाईंनीच केलं, मी आकडे दिले. रात्री इन्फ्रारेड चालू असताना एक कॅमेरा साधारण ६ वॉट घेतो, चौदांचे ८४. रेकॉर्डर दोन डिस्कसह वीस-पंचवीस, स्विच, राउटर, कन्व्हर्टर धरून एकूण १३० ते १४० वॉट. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस एवढ्या बोजावर वीस मिनिटांच्या आसपास टिकतो. आमच्याकडे जुलैत झाड पडून फीडर गेला की रात्रभर वीज नसते. १५० एएचची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर आठ-नऊ तास निघतात. इन्व्हर्टरच्या पाठीमागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते त्याच बाजूला हवं. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जो क्षण जातो तेवढ्यात रेकॉर्डर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि लिहिता लिहिता असं वारंवार झालं की डिस्कवरची सूची बिघडते. मग फुटेज असतं, पण सापडत नाही. कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड घालता येत असेल आणि मधला दुवा तुटल्यावर कार्डावरचं रेकॉर्डिंग नंतर आपोआप रेकॉर्डरवर भरून घेण्याची सोय असेल, तर गेटच्या दोन कॅमेऱ्यांना तरी ती घ्यावी. ही सोय सहसा एकाच कंपनीचे कॅमेरा आणि रेकॉर्डर असतील तरच चालते. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ हे मानक सुरू केलं आणि त्यामुळे चित्र आणि रेकॉर्डिंग जमतं. त्यापलीकडच्या खास सोयी जमतील असं कुणी सांगत असेल तर बिल देण्याआधी समोर चालवून दाखवायला सांगा.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, फुटेज कोण मागणार. बहुतेक वेळा पोलिस. हवालदार येतात, वेळ सांगतात, पेनड्राइव्ह देतात. काही प्रकरणांत पंचनामा करून रेकॉर्डरच जप्त होतो. दोन्हींची तयारी खरेदीच्या वेळीच करायची असते.

फुटेज न्यायालयात कसं टिकतं याचा देशभर दाखला दिला जाणारा निकाल आपल्या जालन्यातून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतले गेले का, हे ठरवायला निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही, पण प्रत द्यायची असेल तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. तेव्हा तो पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चा विषय होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ओळखक्रमांक, लिहावी लागते. ती फाइलमधला एक ठिपका बदलला तरी बदलते.

म्हणून रेकॉर्डर बघायला गेलात की दुकानातच दहा मिनिटांचं फुटेज पेनड्राइव्हवर काढून मागा. किती पायऱ्या लागतात ते बघा. मूळ स्वरूपातली फाइल आणि ती चालवणारा प्लेअर दोन्ही पेनड्राइव्हवर येतात का, ते बघा. चित्रावर कॅमेऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ आहे का, तेही बघा. ते तुमच्या लॅपटॉपवर चालतं का, हे तर बघाच. घटनेची वेळ समजली की पहिलं काम म्हणजे ते रेकॉर्डिंग लॉक करणं आणि बाहेर काढणं. डिस्क भरली की रेकॉर्डर सगळ्यात जुन्यावर लिहीत सुटतो, तो तुमच्या अर्जाची वाट बघत नाही.

आणि घड्याळ! चांगलं फुटेज अकरा मिनिटांच्या फरकामुळे वादात सापडलेलं मी पाहिलं आहे. रेकॉर्डरची वेळ हळूहळू सरकते, आतला छोटा सेल संपला की वीज गेल्यावर तारीखच मागे जाते. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवून घ्यायची सोय चालू ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर त्यासाठी वापरता येतो. कॅमेऱ्यांनी मग रेकॉर्डरकडून वेळ घ्यायची.

पासवर्डबद्दल मला आमच्याच धंद्यातल्या लोकांना सांगायचं आहे. ॲडमिन पासवर्ड मालकाचा असतो. तो स्वतःकडे ठेवून गिऱ्हाइकाला बांधून ठेवणं योग्य नाही. ऐन वेळी तो माणूस गावाला गेलेला असतो आणि पोलिस दारात असतात. बाईंकडे तो बंद पाकिटात दिला आहे, सचिवांकडे दुसरं पाकीट. वॉचमनच्या नावाचं खातं फक्त चालू चित्र बघण्यापुरतं. कमिटीतल्या दोघांना मागचं बघता येतं आणि कुणी कधी काय बघितलं याची नोंद रेकॉर्डरमध्ये राहते. लोकांच्या येण्याजाण्याचा महिनाभराचा हिशेब त्या डब्यात आहे, त्यामुळे बायकामुलींना तो कुणाच्या हातात आहे हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि बैठकीत त्यांनी तो विचारलाही.

राउटरमध्ये पोर्ट उघडून रेकॉर्डर थेट इंटरनेटवर ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले हजारो डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले आणि त्याच ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन (Dyn) कंपनीवर हल्ला करून मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली. ज्यांच्या घरात ते डीव्हीआर होते त्यांना पत्ताही नव्हता. म्हणून ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचं नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, तारखेसह मिळतं तिचाच रेकॉर्डर घ्या. यंत्रावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. कॅमेऱ्यांसाठी ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षेच्या चाचण्यांचा नियमही लागू झाला आहे, तेव्हा दुकानातला जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका.

रेकॉर्डरच्या ब्रँडचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. ज्या दिवशी रेकॉर्डर बिघडेल त्या दिवशी तो दुरुस्तीला रत्नागिरीत घेतात, कोल्हापुरात, की कुरिअरने थेट मुंबईला पाठवावा लागतो, आणि तोपर्यंत बदली यंत्र कोण देणार, हे कोटेशनवर लिहून घ्या. एकाच कंपनीचा माल एका गावात चांगला ठरतो आणि दुसऱ्या गावात ठरत नाही, ते याचमुळे.

काम पूर्ण झालं तेव्हा बाईंनी शेवटचा हप्ता लगेच दिला नाही, आणि मलाही तेच हवं होतं. एक रात्र पूर्ण रेकॉर्डिंग होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पहाटे तीनचं पार्किंगचं चित्र शोधून काढलं, पेनड्राइव्हवर घेतलं, नातीच्या लॅपटॉपवर चालवलं. मग मी मेन स्विच पाडला आणि सगळ्यांनी स्क्रीनकडे बघितलं. नंतर एका कॅमेऱ्याची वायर काढली, भोंगा वाजला, सचिवांच्या मोबाइलवर सूचना आली. आता दर महिन्याच्या एक तारखेला कमिटीतलं कुणीतरी सगळ्यात जुना दिवस कोणता सापडतो ते बघून वहीत लिहितं. तो तीस दिवसांच्या अलीकडे आला तर मला फोन करायचा.

घरी चारच कॅमेरे असतील तर यातलं बरंच सोडून द्या. फायबर नको, दोन डिस्क नकोत. चार कॅमेरे दोनच्या बिटरेटने दिवसाला ८६ जीबी घेतात, ४ टीबीच्या एका डिस्कमध्ये दीड महिना निघतो. पण ती पाळतीचीच डिस्क घ्या, रेकॉर्डर माळ्यावरच्या बंद खोलीत किंवा वरच्या मजल्यावर ठेवा, आणि पासवर्ड घरात दोघांना माहीत असू द्या.